दोनदा कोरलेलं नाव

वहिनी दगड नेहमी खालून वर वाचायची. वरून वाचायला लागलं की डोळा शहाणा होतो, पुढचं आपणच ओळखतो, आणि चूक तशीच दगडात राहते, असं तिचं म्हणणं. शाळा तिने दोनच वर्षं पाहिली होती, तीही मारक्या म्हशीकडे बघावं तशी लांबून. त्यामुळे तिला शब्द वाचता येत नसत, अक्षरं येत. एकेका अक्षरावर ती बोट ठेवी, कोरलेल्या खाचेतून ते फिरवी, अक्षर जिभेवर घोळवी, आणि पसंत पडलं तरच पुढे सरके. नवरा होता तेव्हापासूनची ही रीत. तिने वाचल्याशिवाय कारखान्यातून दगड हलत नसे. शिकलेल्या गिऱ्हाइकांनी तीन-तीनदा तपासलेल्या मजकुरात तिने अशा चुका धरल्या होत्या की गिऱ्हाईक खाली मान घालून निघून जाई.

दोन्ही मुलं तिला वहिनीच म्हणत. घरात दीर होता, त्याच्या तोंडून थोरला ते शिकला आणि थोरल्याच्या तोंडून धाकटा. दीर लढाईत गेला, हाक मागे राहिली. मग गल्लीतला किल्ल्या करणारा, रंगवाला, पाण्याचं मीटर बघायला येणारा, सगळेच वहिनी म्हणू लागले. ‘एक दीर गेला आणि पन्नास गळ्यात पडले,’ असं ती म्हणायची, पण कुणी दुसऱ्या नावाने हाक मारली तर ओ द्यायची नाही.

त्या दिवशी शेडमध्ये लाकडी ठोकळ्यांवर पुलाजवळचा दगड उभा होता. पुरुषभर उंच, काळा, पाण्यासारखा घासलेला. एकेचाळीस वर्षांपूर्वी नदीच्या अलीकडचे आणि पलीकडचे एकमेकांशी लढले होते. आता दोन्हीकडच्यांनी मिळून समिती केली होती. त्या समितीच्या बैठकांना तीन वर्षं झाली. दर बैठकीला चहा दोनदा होई आणि निर्णय एकदाही नाही. शेवटी ठरलं ते असं: दगड एकच, पुलाच्या तोंडाशी. जे लढायला गेले त्या सगळ्यांची नावं, मेलेल्यांची आणि परत आलेल्यांचीही. पुढच्या बाजूला आपले अठ्ठावीस, मागच्या बाजूला त्यांचे अठ्ठावीस. समारंभ नऊ दिवसांवर आला होता. दोन्हीकडचे मिळून अकरा म्हातारे अजून हिंडते-फिरते होते, त्यांना खुर्च्या मांडून बसवायचं होतं. तारीख पुढे गेली की सगळी बोलणी पुन्हा पहिल्यापासून, आणि पुढच्या वर्षी अकराचे किती उरतील ते कुणी बोलत नसे.

पुढची बाजू थोरल्याने आदल्या दिवशी पुरी केली होती. वहिनीने हात धुतले, पदर खोचला आणि तळाच्या ओळीपासून सुरुवात केली.

पंधरा नावं सरळ गेली. सोळाव्यावर बोट थांबलं. ते दिराचं नाव होतं. ते येणार हे तिला माहीत होतंच. तरी खाचेत बोट घातल्यावर गार लागलं. घरटी एक माणूस द्यायचा असं फर्मान निघालं तेव्हा खरं तर नवऱ्याला जायचं होतं. पण थोरला तेव्हा तीन वर्षांचा होता, आणि दिराने परस्पर जाऊन स्वतःचं नाव लिहून दिलं. घरी येऊन म्हणाला, वहिनी, पिशवी भर, दादाला छिन्नीशिवाय काही धरता येत नाही. पिशवी तिनेच भरली होती.

तिने ते नाव पुरं वाचलं. चूक नव्हती. वरच्या ओळीवर बोट नेलं, पहिलं अक्षर जिभेवर घेतलं, मग दुसरं. मग बोट काढून घेतलं आणि लांबून बघितलं.

पुन्हा तेच नाव. तेच आडनाव. त्याच लांबीचं, डोक्यावर डोकं ठेवल्यासारखं.

‘‘थोरल्या,’’ ती म्हणाली, ‘‘माझा दीर एकदा गेला तेवढं पुरेसं नव्हतं? तू दोनदा घालवलास?’’

थोरला मागच्या बाजूसाठी छिन्न्यांना धार करत बसला होता. तो उठून आला, बघितलं, आणि मान डोलावली. म्हणजे त्याला ठाऊक होतं. हा मुलगा असाच. बापासारखा हात आणि दगडासारखं तोंड. चार वेळा विचारल्यावर त्याने सांगितलं की पट्ट्याच दोन होत्या. या घरात कोरण्याआधी प्रत्येक नाव कागदाच्या पट्टीवर ठरल्या मापात लिहीत, मग पट्ट्या बाकावर मांडून ओळी ठरवत. कोरताना नाव दुसऱ्यांदा आलं तेव्हा आपल्यालाही खटकलं होतं, असं तो म्हणाला.

‘‘मग विचारलं का नाहीस?’’

‘‘मोजून अठ्ठावीस भरल्या. एक जास्त झाली असती तर विचारलं असतं.’’

वहिनीने समितीचे कागद मागवले. धाकटा आतल्या खोलीतून दोन्ही याद्या घेऊन आला. गिऱ्हाइकांशी गोड बोलणं हे त्याचं खातं, त्यामुळे संकटाचा वास त्याला आधी येई. त्याने एक यादी वाचली, दुसरी वाचली, दगडाकडे पाहिलं, पुन्हा याद्यांकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा चुना लावल्यासारखा झाला. ते नाव दोन्ही याद्यांत होतं. अलीकडे एक, पलीकडे एक. दोन वेगळी माणसं. आणि दगडाच्या पुढच्या बाजूला जे अठ्ठावीस होते, त्यांतले तेरा आपले होते. पंधरा त्यांचे.

झालं होतं ते फक्त याच घरात होऊ शकलं असतं. वडिलांनी शिकवलेलं, की आखूड नावं वर, लांब नावं खाली. नाहीतर दगड खांद्याने जड दिसतो. थोरल्यासमोर पट्ट्या आल्या की त्याला नावं दिसतच नसत, लांबी दिसे. बाकावर दोन गठ्ठे होते, त्याने दोन्ही उचलले, छप्पन्न पट्ट्या लांबीने लावल्या, वरच्या अठ्ठावीस पुढे घेतल्या, खालच्या अठ्ठावीस मागे ठेवल्या. तीस वर्षं तो हेच करत आला होता.

वहिनी ठोकळ्यावर बसली. बारा ओळी वर राहिल्या होत्या, त्या तिने अजून वाचल्याच नव्हत्या. खालच्या पंधरांत निम्मे तरी पलीकडचे असणार, आणि प्रत्येकाच्या खाचेत बोट घालून तिने त्यांना पसंत केलं होतं. एकही परका लागला नव्हता. याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला.

तोवर दोन्ही सुना दारात येऊन उभ्या होत्या. थोरलीची नजर घारीची. तिने वरच्या ओळी झरझर वाचल्या आणि धाकट्या जावेला म्हणाली, ‘‘तुझ्या वडिलांचं नाव बरं पुढच्या बाजूला आलं. वरून तिसरं. पट्ट्या तूच लिहिल्या होत्यास ना गं?’’

धाकट्या सुनेचं माहेर पुलापलीकडचं. तिचे वडील घड्याळं दुरुस्त करत, आणि त्या लढाईत ते पलीकडून लढले होते. अकरा म्हाताऱ्यांपैकी एक तेच. धाकटीचे कान लाल झाले.

‘‘लिहिल्या तिने, लावल्या मी,’’ थोरला बायकोला म्हणाला. ‘‘तिने दोन गठ्ठे वेगळे करून, वर वेगळा दगड ठेवून दिले होते. दगड मी काढला.’’

थोरलीने नवऱ्याकडे बघितलं. वीस वर्षांत हा माणूस एका दमात इतकं बोलला नव्हता. तिचं डोकं लगेच दुसरीकडे वळलं, कारण जावेवर ठपका घालणं वेगळं आणि तो नवऱ्यावर येणं वेगळं. आणि दोन घटका गेल्या नाहीत तोच ती म्हणू लागली की समितीनेच याद्यांचे कागद वेगळ्या रंगाचे द्यायला हवे होते, धाकटी बिचारी तरी काय करणार.

धाकट्याने हिशेब मांडला. पुढची बाजू घासून कोरी करायला तीन दिवस. मग थोरल्याच्या हाताने दिवसाला चार नावं, पुढची आणि मागची मिळून चौदा दिवस. सतरा. हाताशी नऊ. म्हणजे घासायचं तर समारंभ गेला. न घासता द्यायचं तर समितीला तोंड कसं दाखवायचं?

‘‘घासा,’’ वहिनी म्हणाली.

कुणी हललं नाही.

‘‘ऐकू आलं नाही? माझ्या दिराला त्यांच्या पंक्तीला बसवायचं नाही. मला त्याचं प्रेतही दाखवलं नाही कुणी. घासा. समारंभ गेला तर गेला, एकेचाळीस वर्षं कुठे होता समारंभ?’’

धाकटी सून तेव्हा खाली वाकून दगडाची भुकटी गोळा करत होती. वर न बघता ती एवढंच म्हणाली, ‘‘बाबांनी कोट धुवायला टाकलाय.’’

थोरल्याने घासायचं यंत्र ओढून आणलं. आईचा शब्द तो मोडत नसे. दगडासमोर बसून त्याने ते चालू केलं आणि विचारलं, ‘‘कुठून सुरू करू?’’ वहिनीने बोट उचललं, दिराच्या नावाकडे नेलं, आणि तिथे ते अडलं. खालचं की वरचं? तिने थोरल्याला विचारलं, तुझा काका यातला कुठला? थोरला म्हणाला, दोन्ही पट्ट्या सारख्याच होत्या, वहिनी. मला सांगता येणार नाही.

बराच वेळ यंत्र नुसतं घरघरत राहिलं. मग तिनेच ते बंद करायला सांगितलं आणि धाकट्या सुनेकडे वळली.

‘‘हा दुसरा कोण, ते तुझ्या वडिलांना माहीत असेल. बोलाव त्यांना.’’

दोन्ही मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. वहिनी आणि व्याही यांचं बोलणं नव्हतं, भांडणही नव्हतं. लग्न ठरलं तेव्हा तिने निरोप धाडला होता की मुलगी पाठवा, लढाईच्या गोष्टी पाठवू नका. आणि व्याह्यांनी तो इतका तंतोतंत पाळला की गोष्टीबरोबर बोलणंच बंद झालं. दर रविवारी ते यायचे. भिंतीवरच्या घड्याळाला कुणी न सांगता चावी द्यायचे. त्यांचा कोट खुंटीवर असे तेव्हा वहिनी कुणी न सांगता त्याची सुटलेली बटणं शिवायची. बोलायचं झालं की मुलीमार्फत. ‘त्यांना विचार, चहात साखर किती.’ ‘त्यांना सांग, नेहमीइतकीच.’ अठरा वर्षं साखर तेवढीच होती आणि अठरा वर्षं ती विचारत होती.

व्याही तासाभरात आले. शिडशिडीत, ताठ, वरच्या खिशात भिंग. एका कानाने कमी ऐकू यायचं, म्हणून मान जरा कललेली. दगडासमोर उभं राहून त्यांनी सगळी नावं वाचली. स्वतःच्या नावाशी थबकले नाहीत. त्या दोन ओळींशी आले तेव्हा हात मागे बांधून उभे राहिले.

‘‘त्यांना विचार,’’ वहिनी सुनेला म्हणाली, ‘‘हा कोण.’’

‘‘सुतार होता,’’ व्याही मुलीला म्हणाले. ‘‘माझ्याच तुकडीत. लाकूड मिळालं की चमचे करायचा. सगळ्या तुकडीला चमचे झाले, तरी करायचाच.’’

‘‘विचार, कसा होता.’’

‘‘चांगला होता. हट्टी. झोपेला मात्र फार भारी. सकाळी उठवायला दोन माणसं लागायची.’’

‘‘पाय धरून ओढायचं,’’ वहिनी म्हणाली. सुनेकडे न बघता.

व्याह्यांनी मान अजून कलती केली. ‘‘ओढायचो. अंथरुणासकट यायचा.’’

‘‘मग तो आमचाच.’’

थोरलीला हसू फुटलं, तिने पदर तोंडाला लावला. व्याहीही हसले, पण लगेच गंभीर झाले आणि सांगू लागले की तो गोळीने गेला नाही, तापाने गेला. मागे एक बहीण आहे. परवाच दुकानात आली होती. काठी घेऊन चालते. विचारत होती की नावं मागच्या बाजूला आहेत म्हणतात, तर मागे जायला वाट आहे का. दगड जिथे उभा राहायचा आहे तिथे पाठीमागे हातभरावर नदीचा कठडा आहे. काठी टेकून वळता येईल का, एवढंच तिला हवं होतं.

‘‘तुम्ही काय सांगितलंत?’’ हा प्रश्न वहिनीने सरळ त्यांनाच विचारला. धाकट्या सुनेचा हात हवेतच राहिला.

‘‘म्हटलं, समितीला विचारतो. समितीने नोंद घेतली.’’

‘‘समिती नोंद घेणारच. तिला दुसरं काय येतं?’’ मग ती म्हणाली, ‘‘व्याही, एक विचारते. माझ्या दिराला तुम्ही पाहिलं होतं का कधी?’’

हा प्रश्न तिने आजवर अनेकांना विचारला होता. तुकडीतून परत आलेल्यांना, अधिकाऱ्यांना, सांत्वनाला आलेल्यांना. प्रत्येकाने काहीतरी गोड सांगितलं होतं. शूर होता, हसत गेला, शेवटी घरची आठवण काढली. त्यातलं एकही तिला खरं वाटलं नव्हतं.

‘‘नाही,’’ व्याही म्हणाले. ‘‘पाहिलं असतं तर गोळी घातली असती, विहीणबाई. त्याने मला पाहिलं असतं तर त्यानेही घातली असती. पाहिलं नाही हे माझं नशीब.’’

आता वहिनी काय बोलेल आणि पुढच्या रविवारचं काय होईल, असं धाकट्याला झालं. वहिनी व्याह्यांकडे बघत राहिली. कापडाचा पोत बघावा तशी. मग तिने ठोकळा पायाने त्यांच्याकडे सरकवला.

‘‘बसा. उभ्याने दगड वाचू नये, मान धरते.’’

ते बसले. ती त्यांच्या शेजारी बसली. धाकट्याने मनात घोळवलेला प्रश्न अखेर विचारला: समितीला सांगायचं काय? चिटणीस तर म्हणतील की करार मोडला, पुढची बाजू आपली होती.

‘‘चिटणिसांना मी सांगते. शाळेत असताना त्यांची गणितं माझ्या दिराने सोडवून दिलीत, तेव्हा आपलं कुठलं आणि दुसऱ्याचं कुठलं हे त्यांना दिसलं नाही.’’ ती बोटांवर मोजत समजावू लागली. ‘‘आणि हे बघ. मागच्या बाजूला नुसते त्यांचे असते तर मागे जायला वाट कुणी केली असती? कुणी नाही. आता आपले पंधरा मागे आहेत. त्यांत चिटणिसांचे मामा आहेत, त्यांचं नाव मालगाडीएवढं लांब, ते पुढे येणं शक्यच नाही. उद्या त्यांची मामी काठी टेकत मागे जायला निघेल. मग बघ, चार दिवसांत कठडा सरकतो की नाही.’’

धाकट्याने याद्यांवर नजर टाकली. मामांचं नाव खरंच सगळ्यात लांब होतं. त्याच्या चेहऱ्यावर रंग परत आला. हे समितीला कसं पटवायचं याची वाक्यं त्याच्या जिभेवर जुळायलाही लागली. थोरला यंत्र ओढत परत कोपऱ्यात घेऊन गेला. ओढताना तो शीळ घालत होता, हे त्याचं त्यालाही कळलं नाही.

वहिनीला मात्र अजून एक गोष्ट उरली होती. ती त्या दोन ओळींकडे बघत होती.

‘‘तुमचा सुतार केवढा होता?’’

‘‘एकोणतीस.’’

‘‘आमचा बावीस पुरा व्हायचा होता.’’ तिने ओलं फडकं घेतलं. ‘‘मग वरचा तुमचा. वयाने मोठा तो वर बसतो. खालचा माझा.’’

तिने आधी वरची ओळ पुसली, मग खालची. खालच्या ओळीवर फडकं जरा जास्त वेळ राहिलं. व्याह्यांनी खिशातलं भिंग काढून डोळ्याला लावलं आणि वरच्या नावाजवळ तोंड नेलं. घड्याळातलं एखादं दातेरी चाक बघावं तसं ते बघत राहिले, आणि मग अवघडून म्हणाले, सांगू की नको कळत नाही, पण या तिसऱ्या अक्षराचा काना उथळ आहे. खालच्याचा खोल आहे.

वहिनीने भिंग त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावलं. बघितलं. भिंगावर विश्वास नव्हता म्हणून बोट घातलं. रागाच्या भरात ही ओळ तिने दोनच अक्षरांवर सोडली होती. चाळीस वर्षांत जे तिच्या बोटातून सुटलं नव्हतं, ते आज पलीकडच्या माणसाने तिच्याच कारखान्यात येऊन धरलं होतं.

‘‘थोरल्या,’’ ती म्हणाली, ‘‘छिन्नी घे. बारीकवाली. काकाच्या नावाला जोर लावलास आणि पाहुण्याच्या नावाला हात आखडता घेतलास? त्याची बहीण हात फिरवेल त्याच्यावर.’’

थोरला छिन्नी घेऊन दगडासमोर मांडी घालून बसला. व्याह्यांनी भिंग धरलं, वहिनीने दिवा धरला, आणि थोरल्याने वरच्या नावावर पहिला घाव घातला.

‘‘अजून,’’ वहिनी म्हणाली.